आठव्या गाण्यातली बाई

लातूरच्या क्लासच्या गल्लीत उदगीरकर सरांचा दरारा होता. फिजिक्स शिकवायचे. वर्गात पंख्याशिवाय दुसरा आवाज चालायचा नाही, आणि कुणी बेंचवर ठेका धरला तर खडू नेमका त्याच्या बोटांवर जाऊन आदळायचा. अशा माणसाने कधीकाळी खांद्यापर्यंत केस वाढवले होते आणि नांदेडात राहून किंचाळत्या, गडगडाटी गाण्यांची आख्खी कॅसेट काढली होती, हे त्याच्या बायकोला, मुग्धाला, लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तेही माळ्यावरचं खोकं तिच्या हातून निसटून फुटलं म्हणून.

कॅसेटचं नाव ‘तडा’. बँडचं नाव ‘बेसाल्ट’. इंजिनिअरिंगला असताना तिघांनी मिळून काढलेला. राघवेंद्र उदगीरकर गिटारवर, धर्माबादचा हणमंत ड्रमवर, आणि गायला रामलिंग. रामलिंग निलंग्याकडच्या पिंपरदऱ्याचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं गाव गेलं, धाकटी बहीण गेली. हा पोरगा एरवी मान खाली घालून बोलायचा. पण माईकसमोर उभा राहिला की त्याच्या पोटातून असा आवाज निघायचा, की होस्टेलचा वॉचमन काठी घेऊन धावत यायचा. नांदेडात उमाशंकर नावाच्या गृहस्थांची भजनं रेकॉर्ड करायची एक खोली होती. त्यांना कसंबसं पटवून या तिघांनी नऊ दिवसांत आठ गाणी रेकॉर्ड केली. दोनशे कॅसेटी निघाल्या. मित्रमंडळींत थोड्या गेल्या, बाकीच्या पडून राहिल्या. गॅदरिंगमध्ये एकदाच कार्यक्रम झाला, आणि त्या कार्यक्रमातच बँड मोडला.

पुढे कुणीतरी एक कॅसेट बरोबर घेऊन परदेशी गेला आणि त्याने ती इंटरनेटवर चढवली. पाच-सहा वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग हळूहळू लोक ऐकायला लागले. ब्राझीलची पोरं ऐकायला लागली, नॉर्वेची ऐकायला लागली, बेंगळुरू-कोलकात्याच्या बँडांनी ‘तडा’ला गुरू मानलं. सगळ्यांचा जीव आठव्या गाण्यावर. गाण्याचं नाव ‘भिताड’. त्याच्या सुरुवातीला दीड मिनिट एक बाई रडते. खेड्यातल्या बायका मयताला हेल काढून रडतात तशी, नाव घेऊन घेऊन. ‘कौशे गं, माझ्या कौशे, ऊठ गं माय, उजाडलं गं…’ आणि रडणं संपलं की तोच सूर गिटार उचलते; तो जिथे घसरला तिथेच घसरते, तो जिथे तुटला तिथेच ड्रम कोसळतात. असं आधी कुणी केलं नव्हतं. आता गिटार शिकवणारे लोक व्हिडिओत हे दाखवायचे. तार कशी ताणायची, बोट कुठून कुठे न्यायचं. त्या ताणण्याला नावही पडलं होतं, ‘हेल’. परदेशी तोंडातून ते ‘हेयल’ असं यायचं.

राघवेंद्रला हे सगळं माहीत होतं. क्लास सुटला की स्टाफरूममध्ये मोबाइलवर तो हे व्हिडिओ बघायचा, आवाज बंद करून. कुणाला काही सांगायचा नाही. पण छाती थोडी फुगायची, हे खोटं नाही.

मग नांदेडच्या वरद नावाच्या पोराने त्याला शोधून काढलं. पंचविशीतला, स्वतःचा बँड असलेला. फोनवर बोलताना त्याचा आवाज कापत होता. ‘सर, तुम्ही आमच्यासाठी काय आहात ते तुम्हाला कळणार नाही. आम्ही नांदेडात कार्यक्रम करतोय. आख्खा ‘तडा’ वाजवणार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बेंगळुरूहून बँड येतोय. तुम्ही यायलाच पाहिजे.’

कार्यक्रमाआधी वरदने त्याची मुलाखत घेतली आणि इंटरनेटवर टाकली. पाऊण तास राघवेंद्र छान बोलला. शेवटी वरदने विचारलं, ‘सर, सगळे हेच विचारतात. ती रडणारी बाई कोण?’

राघवेंद्र म्हणाला, ‘रामलिंगच्या आई. आम्ही त्यांना समजावून सांगितलं, असं असं गाणं करतोय. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. त्यांच्यामुळेच ते गाणं झालं.’

बोलणं सहज झालं. इतकं सहज, की घरी येऊन जेवताना त्यालाही ते खरंच वाटत होतं.

आठवड्याभराने दुपारची बॅच सुटली तेव्हा दाराशी एक मुलगी उभी होती. क्लासची नव्हती. पाठीवर सॅक, हातात हेडफोन.

‘उदगीरकर काका?’

गल्लीत त्याला काका म्हणणारं कुणी नव्हतं. त्याने वर पाहिलं. तिने नाव सांगितलं नसतं तरी चाललं असतं. रामलिंगचे डोळे होते.

‘मी ऋतुजा. रामलिंगची मुलगी. नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, सेकंड इयर.’ ती आत आली नाही. ‘तुमची मुलाखत बघितली. मग गावाकडं गेले आणि आजीला विचारलं, आजी, तू गाण्यात रडायला परवानगी दिलतीस का? आजी म्हणाली, कसलं गाणं?’

राघवेंद्रच्या हातात डस्टर होतं. ते तो उगाच फळ्यावर फिरवायला लागला. फळा आधीच कोरा होता.

‘बाबांना विचारलं तर ते ताटावरून उठून गेले,’ ऋतुजा म्हणाली. ‘मी लहानपणापासून बघतेय, आमच्या घरात गिटारचा आवाज आला की बाबा टीव्ही बंद करतात. मला वाटायचं, आवडत नसेल. काका, काय झालं होतं?’

तो खाली बसला. बाहेर पुढच्या बॅचची पोरं जमायला लागली होती. त्याने शिपायाला हाक मारून सांगितलं, आजची बॅच नाही. मग पहिल्यांदा कुणाला तरी त्याने ते सांगितलं.

झालं होतं ते असं. दोन हजार दोन सालच्या तीस सप्टेंबरला रामलिंग त्याला गावी घेऊन गेला होता. दरवर्षी त्या दिवशी लोक नव्या गावातून जुन्या पिंपरदऱ्यात जायचे. तिथे दगडमातीचे ढीग, त्यावर बाभळी उगवलेल्या. जो तो आपापल्या घराच्या जागी जाऊन बसायचा, नारळ फोडायचा. रामलिंगची आई साखराबाई एका पडलेल्या भिंतीपाशी बसली आणि थोड्या वेळाने तिने गळा काढला. राघवेंद्र दहा पावलांवर उभा होता. त्याच्या शर्टच्या खिशात लेक्चर टेप करायचा छोटा रेकॉर्डर होता. त्याने खिशात हात घातला आणि बटण दाबलं.

‘का?’ ऋतुजाने विचारलं.

‘असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्याचं काय करायचं ते मला तिथंच दिसलं.’

रामलिंगला त्याने सांगितलं नाही. आठव्या गाण्याचं मिक्सिंग त्याने उमाशंकरांबरोबर एकट्याने केलं. रामलिंगने ते ऐकलं थेट कॅसेट आल्यावर. तो एवढंच म्हणाला, ‘राघ्या, ही माय हाय माझी. काढ ते.’ राघवेंद्र म्हणाला, आता कॅसेटी निघाल्यात, कसं काढणार? आणि गॅदरिंगच्या दिवशी त्याने स्टेजवरच्या स्पीकरमधून ते रडणं पुन्हा लावलं. समोर दीड हजार पोरं. कुणीतरी त्या रडण्याची नक्कल केली, हशा पिकला. रामलिंगने माईक खाली ठेवला आणि चालता झाला. तो परीक्षेलाही बसला नाही. पुढे एसटीत ड्रायव्हर म्हणून लागला, हे राघवेंद्रला कुणाकडून तरी कळलं होतं.

ऋतुजाने विचारलं, ‘रडण्याच्या शेवटी एक माणूस बोलतो. गिटार सुरू व्हायच्या आधी. हेडफोन लावला तरच ऐकू येतं. तिकडचे लोक म्हणतात, मंत्र आहे. तो कोण?’

‘तुझे आजोबा असतील. शेषेराव. शेवटी ते तुझ्या आजीजवळ येऊन बसले होते.’

‘काय म्हणतात?’

‘आठवत नाही. उमाशंकर म्हणाले होते, माणसाचा आवाज येतोय, ठेवायचा का? मी म्हटलं, खाली घ्या. गिटार सुरू होते तिथे मधे येत होता.’

‘रविवारी चला माझ्याबरोबर,’ ऋतुजा उठत म्हणाली. ‘आजीला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.’

घरी त्याने मुग्धाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले नाहीत. ‘माझ्या आईचं असं कुणी केलं असतं,’ ती म्हणाली, ‘तर मी त्याला उंबरठा ओलांडू दिला नसता. जाऊन या.’

रविवारी औसा मागे टाकून दोघं गावी पोहोचले. नव्या पिंपरदऱ्यात घरं एका ओळीत, एकासारखी एक, भूकंपानंतर बांधून दिलेली. बऱ्याच घरांपुढे लोकांनी पत्र्याचं शेड काढलं होतं. म्हातारी माणसं अजून तिथेच झोपायची, डोक्यावर स्लॅब नको म्हणून. साखराबाई शेडमध्ये बाजेवर बसली होती, मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप. सत्तरी गाठलेली, पण पाठ ताठ.

‘वळखलं का, मावशी? मी राघवेंद्र. रामलिंगचा दोस्त. भाजी-भाकरी खाल्लीय तुमच्या हातची.’

‘लातूरचा का? केसवाला?’ ती हसली. ‘केस कुठं गेले रं लेकरा? बस की. ऋतू, च्या ठेव.’

चहा झाला. राघवेंद्रला सुरुवात सापडेना. शेवटी त्याने जसं घडलं तसंच सांगितलं, खिशातल्या बटणासकट. साखराबाई शेंगा सोलत ऐकत राहिली. मधेच तिची बोटं थांबली आणि मग पुन्हा चालायला लागली.

‘म्हंजी मी रडले, आनि तू ते भरून घेतलास.’

‘हो.’

‘आनि त्येचं गानं केलास.’

‘हो, मावशी.’

‘आन बघू. लाव.’

ऋतुजाने मोबाइल काढला. राघवेंद्र म्हणाला, ‘नको, मावशी, त्रास होईल.’ साखराबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऋतुजाने हेडफोन आजीच्या कानाला लावले, पदराच्या आत नीट बसवले.

दीड मिनिट. म्हातारीचा चेहरा दगडासारखा होता. तिच्या ओठांची किंचित हालचाल होत होती, जणू ती स्वतःला साथ देत होती. मग एकदम ती दचकली. हेडफोनवर दोन्ही हात दाबून धरले. पुढच्याच क्षणी गिटार धडकली असणार. तिने हेडफोन उपटून काढले.

‘ह्ये… ह्ये कोन बोललं?’

‘आजोबा, आजी,’ ऋतुजा म्हणाली. ‘काय म्हणाले ते मला नीट कळत नाही.’

‘परत लाव. माझं नगं. तेवढंच लाव.’

ऋतुजाने मागे सरकवून लावलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. साखराबाईच्या मांडीवरचं सूप घसरून खाली सांडलं. कुणी उचललं नाही.

‘चुकलं माझं, साखरे,’ ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. दुसऱ्या कुणाचं बोलणं ती सांगत होती. ‘लेकराला न्यायला पायजे हुतं. चुकलं माझं. असं म्हनून राहिलेत ते.’

राघवेंद्रला काही उमगलं नाही. ऋतुजाने हळू आवाजात सांगितलं, घरात हे सगळ्यांना माहीत होतं. भूकंपाच्या रात्री आजोबा उडदाच्या खळ्यावर राखणीला निघाले होते. रामलिंगला बरोबर घेतलं. नऊ वर्षांची कौशी मागे लागली, मीबी येते. आजोबा रागावले, पोरीनं घरात झोपावं म्हणाले आणि तिला परत पाठवलं. पहाटे घराचं मातीचं छत, माळवद, कोसळलं. आजीला लोकांनी बाहेर काढलं, कौशीला काढलं ते दुसऱ्या दिवशी.

‘अठरा वर्षं,’ साखराबाई म्हणाली. ‘अठरा वर्षं मी त्या मानसाला भाकरी वाढली, पन धड बोलले न्हाई. मी मनात म्हनायची, एकदा तरी म्हन की रं बाबा, चुकलं. एकदा. ते गप. मी बी गप. तसंच गेले. मी त्येंच्या तोंडात पानी घातलं, तवा बी मनात हेच, की म्हनला न्हाई. आनि हे तर म्हनून राहिलेत!’ तिने राघवेंद्रकडे पाहिलं. ‘मी रडू-रडू बहिरी झाले हुते. मला ऐकूच गेलं न्हाई.’

मग ती पुढे झुकली. ‘मंग मी काय म्हनले?’

‘मावशी?’

‘ते असं म्हनले. मंग मी काय तरी म्हनले असंन की. न्हाई तर त्येंच्याकडं बघितलं असंन. तू हुतास की तिथं. काय म्हनले मी?’

तिच्या डोळ्यांत अशी काही आस होती, की राघवेंद्रच्या जिभेवर उत्तर तयार झालं. ‘तुम्ही त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं,’ एवढंच म्हणायचं होतं. म्हातारीची उरलेली वर्षं सुखात गेली असती. वरदपुढे जसं सहज बोलता आलं, तसंच इथेही आलं असतं. ऋतुजा त्याच्याकडे बघत होती.

‘मला माहीत नाही, मावशी,’ तो म्हणाला. ‘मला पाहिजे तेवढं मिळालं होतं. मी बटण बंद केलं आणि तिथून निघून गेलो.’

साखराबाई सावकाश मागे टेकली. शेडच्या पत्र्यावर कावळे नाचत होते. तिने विचारलं, ‘किती लोकांनी ऐकलंय हे?’

‘लाखो लोकांनी, आजी,’ ऋतुजा म्हणाली. ‘सगळ्या देशांतल्या.’

‘बघ. मानसानं चूक कबूल केली, ते समद्या दुनियेनं ऐकलं. मीच तेवढी न्हाई.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘इचारायचं हुतंस रं. मी हाव म्हनले असते का न्हाई, ते आता कसं सांगू? पन इचारायचं हुतंस.’

तो निघाला तेव्हा रामलिंग समोरून येत होता. ड्युटी करून आलेला, अंगात खाकी, हातात डबा. पोट सुटलं होतं, कानशिलं पांढरी झाली होती. दोघं रस्त्यात उभे राहिले.

‘रामल्या…’

‘बावीस वर्षं झाली,’ रामलिंग म्हणाला. आवाज न चढवता. ‘लातूर इथून दोन तासांवर हाय. रोज बस घेऊन तिथं येतो मी. तुझ्या क्लासची पाटी दिसती मला डेपोत जाताना. आज आलास. ते बी पोरीनं पकडलं म्हनून.’

‘मी चुकलो.’

‘ते मला माहीत हाय. मला नगं सांगू.’ त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. ‘जिथं खोटं बोललास, तिथं सांग. आनि माझ्या बहिनीचं नाव त्या लोकांच्या तोंडातून काढ. जमत असलं तर काढ.’

नांदेडचा कार्यक्रम पुढच्याच शनिवारी दुपारी होता. शहराबाहेरचं मंगल कार्यालय भाड्याने घेतलेलं. लग्नाची कमान तशीच, गुलाबी पडदे तसेच, आणि त्यांच्यापुढे माणसाएवढे स्पीकर. सहाशे पोरं-पोरी काळे टीशर्ट घालून आली होती. काहींच्या छातीवर ‘तडा’चं चित्र होतं, पडलेली भिंत. कुणी हैदराबादहून आलं होतं, कुणी पुण्याहून. राघवेंद्र आत आला तसा गलका झाला. पोरं पायाला हात लावायला लागली. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

वरदला त्याने कोपऱ्यात घेऊन सांगितलं. वरदचा चेहरा उतरला. ‘सर, लोक आठव्या गाण्यासाठीच आलेत.’

‘म्हणून तर सांगायचंय.’

‘मुलाखतीत तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?’

‘हो.’

वरद त्याच्याकडे बघत राहिला. ज्या नजरेने तो पोरगा इतके दिवस बघायचा, ती नजर आता गेली होती. पण त्याने माईक आणून दिला.

राघवेंद्र रोज चारशे पोरांपुढे बोलणारा माणूस, पण स्टेजवर त्याला दोनदा पाणी प्यावं लागलं. तो म्हणाला, त्या बाईंचं नाव साखराबाई. त्यांना विचारलं नव्हतं. चोरून टेप केलं. रामलिंगने काढायला सांगितलं, तरी मी काढलं नाही. कौशी ही खरी मुलगी होती, नऊ वर्षांची. सात गाणी वाजवा; आठवं वाजवू नका, एवढीच विनंती.

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्याला टाळ्या नको होत्या. तो खाली उतरून भिंतीला टेकून उभा राहिला. पलीकडे दाराजवळ ऋतुजा दिसली.

वरदच्या बँडने पहिली चार गाणी वाजवली. पुढची तीन बेंगळुरूच्या पोरांनी. वाजवली चांगली, मूळ कॅसेटपेक्षा कितीतरी चांगली. नऊ दिवसांत घाईने केलेल्या त्या गाण्यांत एवढं काही होतं हे राघवेंद्रलाच नव्याने कळत होतं. सातवं संपलं. आणि समोरून हळूहळू आवाज सुरू झाला, ‘भिताड! भिताड!’ वरद हात हलवून नको म्हणत होता. बेंगळुरूच्या गिटारवाल्याला मराठी येत नव्हतं. मघाचं भाषण त्याला किती कळलं होतं कोण जाणे. त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिलं, हसला आणि हेल घेतला.

रडण्याची टेप लागली नाही. गरजच पडली नाही. समोरच्या पोरांना ते शब्द पाठ होते. शे-दीडशे गळ्यांनी एकदम सूर लावला, ‘कौशे गं, माझ्या कौशे, ऊठ गं माय…’ काही पोरी खरोखर रडत होत्या. कुणी थट्टा करत नव्हतं, उलट कधी नव्हे इतक्या जिवाने म्हणत होते. आता त्यांना गोष्ट कळली होती ना! राघवेंद्र स्टेजकडे धावला, पण गर्दीत त्याला वाट मिळाली नाही. तो ओरडला ते शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

ऋतुजा बाहेर पडली होती. तो तिच्यामागे गेला. चपलांच्या ढिगाऱ्यापाशी ती उभी होती, कान हातांनी झाकून.

‘मी सांगितलं गं त्यांना. तू ऐकलंस ना?’

‘ऐकलं, काका.’ तिने कानांवरचे हात काढले. आतून ड्रमचे दणके येतच होते. ‘आत्यापेक्षा मी आता अकरा वर्षांनी मोठी आहे. तिचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. नाव तेवढं होतं.’

त्याच्या भाषणाचा व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे गेला. काहींनी त्याला शिव्या घातल्या, ते बरं वाटलं. पण बहुतेकांनी लिहिलं, गोष्ट कळल्यावर गाणं ऐकताना जास्तच काटा येतो. ऐकणारे दुपटीने वाढले. ज्या परदेशी कंपनीने ‘तडा’ पुन्हा छापायला घेतला होता, तिने विचारलं, ही हकिकत कव्हरवर छापायची का? राघवेंद्रने त्यांना आठवं गाणं काढायला लावलं. त्यांनी काढलंही. पण इंटरनेटवर त्याच्या इतक्या नकला होत्या, की त्याने काढायला लावलं म्हणून काहीच थांबलं नाही. मुग्धा म्हणाली, ‘तुम्ही जे करता येईल ते केलंत.’ त्याने मान हलवली. बावीस वर्षांपूर्वी करता येण्यासारखं होतं ते फार सोपं होतं, हे त्याला कळत होतं.

महिन्याभराने तो निलंगा डेपोत गेला. लातूरची गाडी लागली होती. रामलिंग बोनेटजवळ उभा राहून पाण्याच्या बाटलीने चेहऱ्यावर पाणी मारत होता. त्याने राघवेंद्रला पाहिलं आणि तोंड पुसलं.

‘मावशी कशा आहेत?’

‘ऋतूनं तिला ते तेवढंच काढून दिलंय. फोनमधी. बापाचं बोलनं.’ रामलिंग चाकाकडे बघत बोलत होता. ‘रोज सांजच्याला लावून बसती. आनि मग त्येला उत्तर देती. कधी म्हनती, असू द्या, झालं ते झालं. कधी शिव्या घालती, आता म्हनतुस व्हय रं मुडद्या. शेजारपाजारचे येऊन ऐकतेत. मी तवा घरात थांबत न्हाई.’

‘त्यांना त्यानं बरं वाटतं का?’

‘मला कळंना. बरं वाटतं का वाईट, तिला बी कळत नसंन.’ तो पायरी चढून सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं. खिडकीतून त्याने एकदा राघवेंद्रकडे नीट पाहिलं. कंडक्टरने घंटी वाजवली.

‘आई म्हनती, त्या लातूरच्याला येऊन जा म्हनाव. त्या दिसाचं त्येला काय तरी आठवंन.’ त्याने गिअर टाकला. ‘मी म्हनत न्हाई. आई म्हनती.’

गाडी मागे सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. राघवेंद्रलाही लातूरलाच जायचं होतं. तो दुसऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसला.